त्याच्या पेल्यातला केवडा

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भलत्या गटात टाकणार नाही. माझी पीएचडी वनस्पतींमधली आहे. बाजारात तगर म्हणून जे मूळ विकतात ते खरंच तगर आहे की भलतंच काही, ब्राह्मीच्या नावाखाली कोणता पाला खपवलाय, हे तपासण्यात माझी इतकी वर्षं गेली. आणि माहेरचं म्हणाल तर — सांगलीला आमचे वडील अंधश्रद्धेच्या विषयावर इतके भडकायचे की शेजारच्या काकू माझ्या धाकट्या भावाची दृष्ट काढायला यायच्या तेव्हा मीठ-मोहऱ्या पदराखाली लपवून आणायच्या. अशा घरात वाढलेली मी. या सदरातले गूढ अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचून झालं की दर वेळी मनात म्हणायची, काहीतरी साधं कारण असणार, यांना सापडलं नाही इतकंच.

आता माझ्याकडेच असं एक प्रकरण आहे, आणि मलाही ते कारण सापडलेलं नाही...

मी लखनौला नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. चाळिशी उलटल्यावर अविनाशशी लग्न केलं. अविनाश रेल्वेत इंजिनिअर, रुळांच्या देखभालीचं काम. मूळचा अमरावतीचा. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ओळख झाली, मग वाढली. त्याची पहिली बायको शुभदा आजारपणात गेली होती. मुलगी ईशा आमच्या लग्नाच्या वेळी बारावीला होती, आता दिल्लीला हॉस्टेलवर असते. ईशाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. मला मावशी म्हणते. हे तिनं स्वतःच ठरवलं, कुणी शिकवलं नाही.

घर इंदिरा नगरमध्ये, एका पार्कसमोरच्या गल्लीत. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली. वर दोन खोल्या आणि छत, म्हणजे आपली गच्ची. हे घर शुभदानं बांधून घेतलेलं. ओटा तिच्या उंचीचा, म्हणजे माझ्यासाठी चार बोटं खाली. पातेल्यांवर नावं घातलेली — ‘चि. सौ. कां. शुभदा हिस, आत्याकडून.’ रोज सकाळी चहाचं पातेलं विसळताना माझा अंगठा त्या ‘शुभदा’वरून फिरायचा. सुरुवातीला काही वाटलं नाही. मी काय विशीतली पोर नव्हते. पण हळूहळू... काय सांगू, जिवंत बाईशी बरोबरी करता येते हो. ती कधीतरी चिडते, तिचं वरण कधीतरी लागतं, तिचं वजन वाढतं. गेलेल्या बाईचं यातलं काहीच होत नाही.

अविनाशनं कधी तुलना केली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. भला माणूस आहे. पण तो सहज बोलून जायचा — "शुभदा यात थोडा गूळ घालत असे." "या खिडकीला शुभदानं जाळी लावून घेतली म्हणून बरं." त्याच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात मात्र दिवसभर ते राहायचं.

आता झोपेचं. अविनाशची झोप तरुणपणापासूनच बिघडलेली. रुळांची मोठी कामं रात्री गाड्या थांबवून करतात, त्याला हे लोक ‘ब्लॉक’ म्हणतात. रात्रभर उभं राहायचं आणि सकाळी घरी येऊन उजेडात झोपायचं. शरीराला मग काही कळेनासं होतं. शुभदा गेल्यावर डॉक्टरांनी गोळी चालू केली होती. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, फार वर्षं झाली, हळूहळू कमी करूया. गोळी अर्धी झाली आणि ह्याची झोप पार उडाली. सकाळी ब्लॉकवरून यायचा, अंघोळ करायचा, पडदे ओढून पडायचा — आणि तासाभरानं मला छतावर येरझाऱ्यांचा आवाज यायचा. त्यात धुक्याचे दिवस. लखनौचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल; समोरच्या पार्कचं फाटक दिसत नाही. अशा धुक्यात न झोपलेला माणूस रुळांवर उभा राहणार, हा विचार माझ्या डोक्यातून जायचा नाही.

मी म्हटलं, "मी देते तुला काहीतरी. शेवटी माझं शिक्षण कधी कामाला यायचं?" डॉक्टरांना विचारलं, त्यांनी काय आणि किती हे ऐकून घेतलं आणि हरकत नाही म्हणाले.

अविनाश खुश झाला. "अगं हो! शुभदा द्यायची ना काढा. तगर, ब्राह्मी आणि अजून काहीतरी. पाच मिनिटांत डोळे मिटत होते माझे."

झालं. आता माझा काढा तिच्याहून सरस व्हायलाच हवा होता.

मी अमीनाबादला जाऊन जडीबुटीच्या दुकानातून स्वतः वेचून तगर आणली. ज्यांनी ही औषधातली तगर (आपलं पांढऱ्या फुलांचं झाड नव्हे) हुंगली नाही त्यांना सांगते, तिला मळक्या मोज्यांसारखा वास येतो. चांगली, ताजी, अस्सल तगर जितकी, तितकी घाण. माझा काढा म्हणजे अस्सलपणाची कमाल होती. ब्राह्मी मी ओळखीच्या रोपवाटिकेतून मिळवलेली, प्रमाण तोलून, उकळायला मंद आच, खडीसाखर. अविनाश नाक दाबून प्यायला, "छान," म्हणाला, आणि टक्क जागा राहिला.

मग अश्वगंधा घालून पाहिली. जटामांसी. खसखस दुधात वाटून. तळपायाला तेल. प्रत्येक वेळी दुपारी छतावर पावलं. आणि तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून अनवाणी चालायचा.

"शुभदाच्या काढ्यात असं काय होतं?" मी एकदा विचारलंच.

"मला काय माहीत. सांगतच नव्हती. विचारलं की म्हणायची, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही झोपा."

हे सांगताना तो हसला. तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी ते हसू नव्हतं, हे मला स्वयंपाकघरात परत जाईपर्यंत पुरतं कळलं होतं. सकाळची वेळ होती, बाहेर धुकं, तो नुकताच रात्रीच्या कामावरून आलेला. काढा उकळत होता. पातेलं अर्थातच आत्याकडून आलेलं. ओट्याशी वाकून माझी कंबर दुखत होती. मी चमचा आपटला आणि मोठ्यानं म्हटलं —

"एवढं येतं ना तुला? मग तूच कर ना बाई!"

भिंतीला म्हटलं म्हणा. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी अंगणात जाऊन बोलून आले, गॅस बंद केला, काढा गाळून अविनाशला दिला. तो प्यायला. मी पडदे ओढून वळले तर मागे घोरणं सुरू.

तो थेट संध्याकाळी उठला. चेहरा इतका टवटवीत की दहा वर्षांनी लहान दिसत होता. खाली आला, मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज तर अगदी शुभदाच्या हातचा झाला होता!"

नवऱ्याला झोप लागली म्हणून बायकोनं देवापुढे साखर ठेवायची असते. मी हातातली मेथी तशीच टाकून अंगणात जाऊन उभी राहिले.

त्याच संध्याकाळी मी त्याचा पेला उचलला तेव्हा पहिल्यांदा वास आला. केवड्याचा. इथं लखनौत केवडा म्हणजे काही अपूर्वाई नाही. बिर्याणीत, मिठाईत, सरबतात केवड्याचं पाणी घालतात. पण आमच्या घरात तो नव्हता. केवड्यानं माझं डोकं दुखतं, त्यामुळे लग्नानंतर मी बाटली आणलीच नव्हती. पेला रिकामा, तळाशी थोडा गाळ, आणि त्यातून लग्नाच्या मांडवासारखा गोड वास. तगरीचा घाण वास त्याखाली पार दबलेला.

माझ्या डोक्यात भूतबित काही आलं नाही. माझ्या डोक्यात आलं ते असं — कुणीतरी मला न सांगता यात केवडा घालतंय, आणि ज्याला शुभदाची पद्धत माहीत आहे असंच कुणीतरी.

ईशा दिल्लीला होती. राहिली कामाला येणारी सुनीता, ती शुभदाच्या वेळची. तिला विचारलं तर ती म्हणाली, "दीदी, मैं तो गैस छूती भी नहीं. और पुरानी दीदी काढ़ा बनाती थीं तो रसोई का दरवाज़ा बंद कर लेती थीं." आणि सुनीता यायची अकराला, काढा व्हायचा नऊच्या आत. म्हणजे राहिला अविनाश.

मी काय काय केलं ते आता सांगायला हसू येतं. कपाटं धुंडाळली. माळ्यावरचे डबे काढले. त्याची रेल्वेची बॅग उपसली. मला वाटायचं, शुभदाच्या वेळची एखादी बाटली ह्यानं जपून ठेवली असणार आणि माझी पाठ वळली की दोन थेंब टाकत असणार. बाटली सापडली असती तर मी भांडले असते, रडले असते, फोडली असती... पण सुटले असते. बाटली सापडली नाही.

आणि काढा लागू पडत राहिला. ब्लॉक झाला की सकाळी काढा, काढा झाला की झोप. डॉक्टरांनी गोळी आणखी कमी केली. सगळे खुश. कधीतरी मनात यायचं, बंद करून टाकावा हा काढा. पण धुक्यातले रूळ डोळ्यांसमोर यायचे आणि मी मुकाट पातेलं चढवायची.

मात्र माझी झोप गेली. ब्लॉक नसेल त्या रात्रीही शेजारी तो शांत झोपलेला आणि मी आढ्याकडे बघत पडलेली. शेवटी मी स्वतःसाठीही त्याच पातेल्यातून पेला भरून रात्रीसाठी ठेवायला लागले. चला, निदान झोप तरी येईल! नाही आली. आणि माझ्या पेल्याला नुसती तगर. मळके मोजे. केवड्याचा मागमूस नाही.

एकच पातेलं, एकच गाळणी, दोन पेले...

इथं माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. मी तीन छोट्या बाटल्या भरल्या. एकीत पातेल्यातला उरलेला काढा, एकीत माझ्या पेल्यातला, एकीत त्याच्या पेल्याच्या तळाशी राहिलेला. नुसते आकडे घातले आणि माझी मैत्रीण निगम मॅडम, जिच्याकडे असल्या तपासण्यांचं यंत्र आहे, तिला दिल्या. कशात काय आहे ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन.

"मेधा, दो तो ठीक हैं. ये तीसरी में केवड़ा किसने डाल दिया? बिरयानी बनाई थी क्या?"

मी आकडे बदलून पुन्हा दिल्या. पुन्हा तेच. फक्त अविनाशचा पेला.

मग मला सुचलं — पानमसाला! इथल्या निम्म्या पानमसाल्यांना केवड्याचा वास असतो. ह्याच्या तोंडाचा वास पेल्यात उतरत असणार. हा चोरून खातो! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू... नवरा पानमसाला खातो या शंकेनं आनंद झालेली मी जगातली एकटीच बायको असेन. त्याचे खिसे पाहिले. काही नाही. त्याच्या हाताखालच्या शुक्लाजींना फोनवर आडून विचारलं, तर ते म्हणाले, "अरे भाभीजी, साहब तो सौंफ भी नहीं खाते."

एवढं झाल्यावर एकच चाचणी उरली होती. त्याचं तोंड लागण्याआधी पाहायचं.

रविवार होता. दुपारचं ऊन पडलेलं, धुकं विरलेलं. अविनाश सकाळी उशिरा कामावरून आलेला, जेवून वर पडायला गेलेला. मी भूतनाथ मार्केटमधून दोन काचेचे पेले नवे आणले होते, अगदी सारखे. (भूतनाथ हे आमच्या इथल्या बाजाराचं खरंच नाव आहे, मी काही मुद्दाम घातलं नाही.) दोन्ही पेले साबणानं धुतले, पुसले. माझ्या माहेरच्या पातेल्यात काढा केला, शुभदाच्या नाही. दोन्ही पेल्यांत ओतला. दोन्ही हुंगले. तगर आणि तगर. ट्रे घेऊन मीच जिना चढले, अध्येमध्ये कुठेही टेकवला नाही. वर खोलीच्या दारात पुन्हा हुंगले. तगर.

"आज दोन का?" अविनाशनं विचारलं.

"मीही घेते. तू उचल कोणताही."

त्यानं डावीकडचा उचलला. ओठांपाशी नेला.

"थांब!"

मी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. नाकाशी धरला.

केवडा.

मी शपथेवर सांगते, नाक माझं कामाचं हत्यार आहे. अंधारात मला वाळा आणि नागरमोथा वेगळे ओळखता येतात. तो केवडाच होता. मी ट्रेमधला दुसरा हुंगला, तर तगर. अविनाश माझ्याकडे बघत बसला होता.

त्या क्षणी मी घाबरायला हवं होतं, नाही का? अंगावर काटा वगैरे यायला हवा होता. तसं काही झालं नाही. माझ्या डोक्यात सरळ सणक गेली. माझ्या देखत? माझ्या हातातल्या ट्रेवर? मी तो केवड्याचा पेला एका दमात पिऊन टाकला.

आणि घशातून उतरला तो नुसता तगरीचा घाण काढा. जिभेला, नाकाला, कुठं म्हणून केवडा नाही. रिकामा पेला हुंगला — मळके मोजे.

मी दुसरा पेला अविनाशच्या हातात दिला. "हा पी."

तो प्यायला. मी पेला परत घेतला. हुंगायची गरजच नव्हती. पेला माझ्या हातात येईपर्यंत खोलीभर तो वास पसरला होता.

"काय करून राहिली तू हे, मेधा?" त्यानं विचारलं.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. चमचा आपटल्यापासून तीन बाटल्यांपर्यंत, त्याचे खिसे तपासले तेही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला तर कधी वास नाही आला गं. तेव्हाही नाही. मी नाक दाबूनच पितो." थांबून म्हणाला, "मला वाटलं, तू शिकलीस."

"काय शिकले?"

"करायला. मी म्हटलं ना तुला, शुभदाच्या हातचा झाला... मी तुझं कौतुक करून राहिलो होतो."

मला यावर काहीतरी जोरदार बोलायचं होतं. की कौतुक असं करतात का. की मला तिच्यासारखं व्हायचंच नाही. मी शब्द जुळवून मान वर केली, तर तो झोपला होता. बसल्या बसल्या, उशीला टेकून, तोंड किंचित उघडं. त्या झोपेत इतकं सुख होतं की बघवेना. मी त्याच्या अंगावर रजई घातली. मग मला वाटलं, हीसुद्धा ती घालत असेल... आणि काढून, पुन्हा माझ्या पद्धतीनं घातली, पाय मोकळे ठेवून.

यात माझी काही समजूत पटली, मन मोठं झालं, असं काही लिहिणार नाही. नाही झालं. मी काढा करत राहिले, त्याच्या पेल्यात केवडा येत राहिला, माझ्यात कधी आला नाही. एकदा तर मी रिकाम्या स्वयंपाकघरात विचारलंही, "मला दिलास तर काय बिघडेल?" तेव्हा सर्दी झाली होती, झोप नव्हती, रडवेली झाले होते. उत्तर म्हणजे पेल्यातली तगर.

होळीला ईशा आली. छतावर बटाट्याचे चिप्स आणि साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते. अविनाश रात्रीचं काम करून आलेला. मी दोन्ही पेले भरले आणि ईशाला म्हटलं, "जा, बाबांचा वर देऊन ये."

ती देऊन आली, रिकामा पेला घेऊन. पण ओट्यावर ठेवला नाही. स्वयंपाकघराच्या दारात पेला नाकाशी धरून उभी राहिली.

"मावशी... ये आप कैसे बनाती हैं?"

"का गं?"

"ये तो मम्मा वाला है. वही शादी वाली ख़ुशबू."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. अविनाशनंही नाही, नंतर त्याला विचारलं, तो म्हणाला, पोरीला कशाला सांगू असलं. आणि शुभदानं काढ्यात केवडा घातलेला तर अविनाशलाही माहीत नव्हता.

"परीक्षेच्या वेळी तुलाही द्यायची का?"

"हाँ. आधा कप." तिचा आवाज लहान झाला होता.

"करून देऊ तुला?"

ईशानं घाईनं मान हलवली, पेला ठेवला आणि छतावर निघून गेली. थोड्या वेळानं मीही वर गेले. ती चिप्स उलटत बसली होती, डोळे लाल. मी दुसऱ्या टोकाला बसून उलटायला लागले. माझ्या मनात चाललंच होतं — नवरा तिच्याकडून झोप घेतो. आता मुलगीही तिच्याचकडून घेईल. मी नुसती गॅस पेटवणारी.

हे सगळं निगम मॅडमला नंतर सांगितलं. ती विज्ञानातली बाई, तिनं विचार करून बरेच मार्ग सुचवले. हाताच्या घामातलं काही असेल, साबणाचा वास असेल, माझ्याच मनाचा खेळ असेल. मी म्हटलं, मनाचा खेळ तुझ्या यंत्रात उतरतो का? तर ती म्हणाली, पुन्हा नमुने आणून दे, नीट बघू. पण मी दिले नाहीत. उन्हाळा लागला तशी अविनाशची गोळी पूर्ण सुटली, काढ्याची गरजही कमी झाली. आता तो कधीतरीच मागतो. मागतो तेव्हा करते, आणि पेला धुताना तो वास येतोच. का येतो, त्याच्याच पेल्यात का, पेला त्याच्या हातात गेल्यावरच का — मला माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला साधं, सरळ कारण सुचलं तर खरंच कळवा. मी रागावणार नाही, उलट उपकार मानेन.

एवढ्यावर मी हे लिहिणं संपवणार होते. पण गेल्या महिन्यात ईशाचा दिल्लीहून फोन आला. सेमिस्टरची परीक्षा जवळ आली होती.

"मावशी, नींद नहीं आ रही है यार... वो काढ़ा भिजवा देंगी? सूखा सामान भेज दीजिए, मैं यहाँ उबाल लूँगी."

"पाठवते. पण ईशा, तिकडे केल्यावर तसा होईल की नाही माहीत नाही. तो वास माझ्या हातात नाही. तो—"

"नहीं, नहीं! वो वाला नहीं." ती पटकन म्हणाली. मग जरा थांबून, "मम्मा वाला सूँघती हूँ तो मम्मा याद आती हैं. फिर रात भर वही... मुझे आपका वाला चाहिए. होली में आपके गिलास से चखा था मैंने, चुपके से. उस दिन इतना सोई थी! वही, बदबू वाला."

मी अमीनाबादला गेले. दुकानातली सगळी तगर हुंगून सर्वांत घाण वासाची निवडली. तगर, ब्राह्मी, खडीसाखर, प्रमाण तोलून पुड्या बांधल्या, दुहेरी पिशवीत घातल्या. आमच्या कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे नेल्या तर काउंटरवरच्या माणसानं पाकीट उचललं, तोंड वाकडं केलं आणि हात लांब केला.

"मैडम, इसमें है क्या? बहुत बदबू कर रहा है."

"दवाई है," मी म्हटलं. "मेरी बेटी की."